दोन कपांमधली फट

दादा नोकरीच्या गावाला निघून गेला. त्याची बस वळणावरून दिसेनाशी होते न होते तोच आत्या म्हणाली, "वरची खोली मला."

"वा गं वा! वरची खोली माझी," भिंगरी म्हणाली. डोळे पुसलेला रुमाल अजून तिच्या हातातच होता.

घरात खाली झोपायच्या खोल्या दोनच. एकीत आईबाबा, दुसरीत भिंगरी आणि आत्या. भिंगरी नववीतली, आणि एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून भिंगरी. आत्या लोकांना मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे तिला झोपेतही चैन नसे. भिंगरीचा डोळा लागायचा अवकाश, पलीकडच्या पलंगावरून हाक यायची, "क्लच! अरे क्लच दाब! खांब आला, खांब!" उलट आत्याचं म्हणणं असं, की ही मुलगी अभ्यास मोठ्याने करते, गाणी त्याहून मोठ्याने म्हणते आणि मैत्रिणींशी कुजबुजते ती सगळ्यात मोठ्याने. दोघींना एकच गोष्ट हवी होती. एक दार, आणि ते आतून लावून घ्यायची मुभा.

भांडण दोन दिवस चाललं. आत्याने वय काढलं, भिंगरीने परीक्षा काढली. आत्याने गुडघे काढले, तेव्हा भिंगरीने जिना दाखवला. शेवटी दवाखान्यातली ड्यूटी संपवून आलेल्या आईने नर्सच्या आवाजात सांगितलं, "खेळून काय तो निकाल लावा. मला शांतता पाहिजे."

खेळायला घरात होते फक्त दादाने मागे ठेवलेले प्लॅस्टिकचे कप आणि टेबलटेनिसचे दोन चेंडू. कॉलेजात असताना तो मित्रांबरोबर बिअर पाँग खेळायचा. घरी त्याला तो 'ग्रुप स्टडी' म्हणायचा. टेबलाच्या दोन्ही टोकांना दहा-दहा कपांचा त्रिकोण मांडायचा आणि समोरच्याच्या कपात चेंडू टाकायचा. पडला, की समोरच्याने तो कप पिऊन बाजूला करायचा. ज्याचे कप आधी संपतील तो हरला. कपात काय असायला हवं हे नावातच होतं. आईने त्या नावाकडे नुसतं बघितलं आणि सगळ्या कपांत गार झालेला, बिनसाखरेचा कोरा चहा ओतला.

आत्या एकटी दोन्ही चेंडू टाकणार होती. भिंगरीने जोडीला बाबांना घेतलं. आई पंच.

भिंगरीने या विषयाचा जितका अभ्यास केला होता तितका भूमितीचा केला असता तर भूमितीच्या बाई बेशुद्ध पडल्या असत्या. "बाबा, नीट ऐका," ती हळू आवाजात म्हणाली. म्हणजे तिच्या मानाने हळू. "सगळी मेख फटीत आहे. कप चिकटून ठेवले, तर काठावर आपटलेला चेंडू शेजारच्या कपात पडतो. मध्ये बोटभर फट ठेवली, तर तो फटीतून खाली जातो. म्हणून आपल्या कपांत फट पाहिजे. कळलं?"

"कळलं की!" बाबा म्हणाले.

बाबांना कळलं होतं, पण त्यांच्या हातांना कळलं नव्हतं. बाबांचा धंदा लोकांचं घरसामान बांधून हलवण्याचा. खोक्यात फट राहिली की माल हलतो, हलला की फुटतो, आणि फुटला की गिऱ्हाईक दारात येऊन बोंब मारतं, यावर त्यांची उभी हयात गेलेली. भिंगरी गडगडत गेलेला चेंडू आणायला वाकली, की बाबांचे हात आपसूक पुढे यायचे आणि दहाही कप एकमेकांच्या कुशीत शिरायचे.

आत्याने चेंडू डोळ्यांसमोर धरला. "हळू... अजून हळू... घाई नाही... आता सोड. शाब्बास!" चेंडू एका काठावर आपटला, दुसऱ्यावर नाचला आणि तिसऱ्या कपात डुबकन पडला.

"बाबा!"

"अगं, हलत होते ते."

"हलू द्या ना! काचेची झुंबरं आहेत का ती?"

त्यात आईचा कायदा. जमिनीवर पडलेला चेंडू साबणाने धुतल्याशिवाय कपात जाणार नाही. त्यामुळे चेंडू ओला, ओला म्हणून निसरडा, निसरडा म्हणून पुन्हा जमिनीवर, आणि जमिनीवर पडला म्हणून पुन्हा साबण. बाबांचा नेम तर विचारूच नका. त्यांनी चेंडू कधी फेकलाच नाही. ट्रकमधून कपाट उतरवावं तसा ते तो दोन्ही हातांनी हवेत उतरवायचे. भिंगरीचे सात कप गेले, म्हणजे तिच्या आणि बाबांच्या पोटात गेले. कडवट चहाने बाबांचं तोंड वाकडं झालं होतं.

"आता हात खिशात," भिंगरीने हुकूम सोडला. "आणि म्हणा, फट म्हणजे फायदा."

"फट म्हणजे फायदा," बाबा पुटपुटले. "फट म्हणजे फायदा."

उरलेले तीन कप तिने दूरदूर मांडले, आणि खेळ फिरला. आत्याचे चेंडू फटींतून पळू लागले. भिंगरीचे मात्र लागत गेले. आत्या एकेक कप घशाखाली उतरवत म्हणाली, "ब्रेक लागत नाहीयेत या पोरीला." बघता बघता आत्याकडे एकच कप राहिला. भिंगरीने दम रोखला, चेंडू उचलला, आणि आईचा फोन वाजला.

आईचे हात साबणाचे. तिने कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"आई, मी मजेत आहे इथे," दादाचा आवाज आला. "इथली झोप काय सांगू तुला! किती वर्षांनी झोपलो गं असा. ती वरची खोली कोणाला देताय? जो कोणी जाईल त्याला सांग, भिंतीपलीकडे टाकीचा पंप आहे. पहाटेच सुरू होतो, आणि पलंग माणसासकट सरकतो. उन्हाळ्यात तर वर भट्टी असते."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर तुम्ही मला खाली आत्याच्या शेजारी झोपवलं असतंत. चल, ठेवतो."

भिंगरीने आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे बघितलं. दोघींच्या डोक्यात एकाच वेळी तोच हिशोब चालला होता. जी जिंकेल, ती वर पंपाशेजारी. जी हरेल, तिला खालची खोली. अख्खी, एकटीला, आतून कडी लावून. हे दोन दिवसांत दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं, आणि आता ते बोलून दाखवायची सोय राहिली नव्हती. त्या खोलीसाठी दोघींनी एकमेकींना काय काय म्हटलं होतं!

"टाक की," आत्या गोड आवाजात म्हणाली.

भिंगरीने टाकला. चेंडू थेट भांड्यांच्या घासणीवर.

"डोळ्यांवर ऊन आलं गं."

"ऊन तुझ्या पाठीमागे आहे," आई म्हणाली.

आत्याची पाळी आली. मघापर्यंत चेंडूला लाडीगोडी लावणाऱ्या आत्याने तो असा भिरकावला, की फ्रिजवरचं घड्याळ थोडक्यात वाचलं. "आज हातच चालत नाही बाई," ती कळवळून म्हणाली. आई दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. आजाराची सोंगं करणारी माणसं ती रोज बघायची. तिने चेंडू धुतला आणि पुढे केला.

आता हरायचं तर आपले कप आत्याला सोपे करून द्यायला हवेत. भिंगरीने हळूच तिन्ही कप जवळ सरकवले. खिशातून बाबांचे हात बाहेर आले आणि त्यांनी ते पुन्हा लांब नेले.

"बाबा, असू द्या ना जवळ."

"छे! फट म्हणजे फायदा!" बाबांचा चेहरा उजळला होता. "तूच शिकवलंस की. मला आता कळलंय गं. उगीच इतकी वर्षं दाबून दाबून भरत होतो."

"पण थोडेसे जवळ..."

"अजिबात नाही. तुझी खोली आहे ती. मी जाऊ देणार नाही."

मग जे चाललं त्याला खेळ म्हणणं कठीण. भिंगरीने खिडकीतून बाहेर नेम धरला. आत्याने डाव्या हाताने टाकला, मग डोळे मिटून टाकला. डोळे मिटून टाकलेला कपाच्या इतका जवळून गेला, की तिचा श्वासच अडकला. बाबांना वाटलं, दोघींवर दडपण आलंय. त्यांनी लेकीच्या पाठीवर थोपटलं, चेंडू घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उतरवला नाही, फेकला.

डुबुक.

"गेला!" बाबा ओरडले. "पोरी, गेला! माझा नेम लागला! जिंकलीस तू!" त्यांनी तिला उचलून गरकन फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंगरीच्याही होतं, आणि सगळ्यांनी ते एकाच जातीचं आहे असं धरलं.

आत्याने शेवटचा कप प्यायला. "असू दे," ती खोल आवाजात म्हणाली. "माझं काय, पडेन कुठेतरी खाली." आणि पडायची जागा बघायला ती झपझप निघून गेली.

घरं हलवणं हाच बाबांचा धंदा. भिंगरी काही सबब शोधेपर्यंत तिचा पलंग, पुस्तकं आणि आरसा वर जाऊन पोचले होते. आत्याने तिची उशी स्वतःच्या हाताने वर नेऊन दिली.

पहाटे पंप सुरू झाला. भिंगरीच्या दातांनाही तो कळला.

सकाळी ती खाली आली तेव्हा बाबा जिन्याच्या तळाशीच उभे होते. "कशी लागली झोप?" त्यांनी विचारलं, आणि अशा आशेने तोंडाकडे बघितलं, की खरं बोलायची तिची छाती झाली नाही.

"मस्त, बाबा! इतकी मस्त, की उठवतच नव्हतं."

टेबलाशी बसलेल्या, गाढ झोपून टवटवीत झालेल्या आत्याचा हात थबकला. भिंगरीला ते दिसलं. तिला थोडा हुरूप आला.

"आणि वारा काय येतो! खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो. कोणी उठवायला येत नाही, कोणी दार वाजवत नाही. वेगळंच जग आहे वर."

"आणि पंप?" आत्याने विचारलं.

"कुठला पंप? अच्छा, तो! कोणी लांबून अंगाई गावी तसा वाटतो. दादाला काय झालंय, कोण जाणे."

संध्याकाळी आत्या शिकवणी उरकून आली ती गाडीची किल्ली आपटतच. "माझ्या सगळं लक्षात आलंय," ती म्हणाली. "त्या फोनमागे तूच होतीस. मला घाबरवायचं, म्हणजे मी माघार घेईन! भाऊबहीण एकजात लबाड. ते काही नाही. डाव पुन्हा मांडायचा."

"हा अन्याय आहे," बाबा म्हणाले. "पोरीने खोली जिंकलीय."

भिंगरीने एक लांब सुस्कारा सोडला. खिडकीपाशी गेली, थोडा वेळ बाहेर बघत राहिली, मान खाली घालून परत आली.

"जाऊ द्या, बाबा," ती म्हणाली. "मोठी आहे ती माझ्याहून. तिचं मन कशाला मोडायचं?"

आणि कोणाचंही मन बदलायच्या आत ती टेबल पुसायला धावली.