वडनेरची पारमुक्ती मोहीम

भूभाग शौर्याने जिंकता येतो. राखायला मात्र तिथे बसून राहावं लागतं. वडनेरच्या पुरुषांनी कडुनिंबाखालचा पार सत्तेचाळीस वर्षं असाच राखला होता. (उठायचं कारणच पडलं नव्हतं.)

सन २००२च्या उन्हाळ्यात सुमित्राबाईंच्या बचत गटाने त्यावर मेथी-पालकाच्या टोपल्या मांडून सशस्त्र कब्जा केला. (शस्त्रं: विळे, सात.) बंडखोरांचं म्हणणं एकच होतं. "उन्हात नऊ वाजताच मेथी मान टाकते. गावात दुसरी सावली हाय कुठं?" गाऱ्हाणं खरं होतं, त्यामुळे ते ऐकून घेणं धोक्याचं होतं.

सेनापतिपद नानाजींकडे आलं. ते सुमित्राबाईंचे यजमान, तेव्हा शत्रूची खडान्‌खडा माहिती त्यांनाच. फौज चौदा जणांची, सरासरी वय एकसष्ट. गुडघे एकूण अठ्ठावीस, पैकी कामाचे अकरा. पहाटे पाचला, टोपल्या येण्याआधी, पारावर जाऊन बसायचं ठरलं. बसण्यात या फौजेचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. योजना बायकांना कळू द्यायची नाही, असा ठरावही एकमताने झाला.

संध्याकाळी जेवताना नानाजी म्हणाले, "मले उद्या पाचले उठवजो."

"काऊन?"

"तुमच्यावर हमला करून राह्यलो."

"बरं," सुमित्राबाई म्हणाल्या. "भाजी वाढू अजून?"

मोहिमेनंतर नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालानुसार चौदाही घरांत याच आशयाचं बोलणं झालं. स्वतःहून उठण्याचा अनुभव फौजेत कोणालाच नसल्याने इलाज नव्हता. शत्रूने मात्र विश्वासघात केला आणि कोणालाच उठवलं नाही. "घरच्याच माणसानं असं करावं?" असं उपसेनापती बंडूजींनी समितीपुढे लेखी नोंदवलं.

फौज साडेनऊला जागी झाली. सावलीतली मेथी तेव्हाही टवटवीत होती आणि निम्मी विकलीही गेली होती. नानाजी रणांगणाच्या पाहणीला गेले. सुमित्राबाईंनी त्यांच्या हाती पालकाच्या दोन जुड्या दिल्या. "घरी निवडून ठेवजा." माघार शिस्तीत पार पडली.

पुढच्या हल्ल्यासाठी समितीने गजराच्या घड्याळाची शिफारस केली आहे. त्याला रोज किल्ली कोण देणार, यावर काम अडलं आहे.

वाचकहो, खुशाल हसा. तुमच्या घरी घड्याळ आहे, गजरही रोज वाजतो. तो बंद करून तुम्ही पुन्हा झोपल्यावर तुम्हाला उठवायला कोण येतं, तेवढं समितीला कळवा.