बाबांच्या यजमानपदासाठी तीन अर्ज

“बाबा, वाद नकोय. तुम्ही आमच्याकडेच यायचं,” थोरला म्हणाला.

“तिसऱ्या मजल्यावर? गुडघ्यांचं काय?” मुलगी फिस्कारली. “माझा तळमजला आहे.”

“माझ्याकडे खोली एकच आहे,” धाकटा हळूच म्हणाला, “पण आले तर मला बरं वाटेल.”

म्हाताऱ्या बापासाठी तीन मुलं भांडताहेत, असं दृश्य मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलंय. आधी पाहिलं तेव्हा बापाच्या नावावर जमीन होती. इथे तसलं काहीच नव्हतं. बायको जाऊन आठ महिने झालेले, मालकाने इमारत पाडायला काढलेली आणि घर रिकामं करायला दोन महिने उरलेले. दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्याने डोळे पुसले असते आणि ज्याच्या घरी जिना कमी त्याच्याकडे पिशवी उचलून तो निमूट चालू पडला असता.

पण हे पडले निरीक्षक. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की वाण्यांचे तराजू घाबरून आपोआप खरं बोलायला लागत. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी ऑलिंपिक तपासायला घेतलं. धावणारे, पोहणारे, कुस्तीगीर यांच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. यजमानपद कुठल्या शहराने मागितलं, कोणी खर्चाला घाबरून अर्ज मागे घेतला, कोणत्या क्रीडांगणात आता गवत वाढलंय, ते विचारा. उद्घाटन सोहळे तर ते लाल पेन घेऊन बघत. एकदा संचलन सुरू असताना बायको झोपली, उठली, स्वयंपाक केला, जेवली, भांडी घासून परत आली, तरी संघ आत येतच होते. “हे लोक चालत घरून निघालेत का?” तिने विचारलं होतं. निरीक्षकांनी ते शेऱ्यात लिहून घेतलं.

तर मुलांचं भांडण ऐकून त्यांनी टेबलाच्या खणातून पिन मारलेले तीन गठ्ठे काढले.

“हे काय?” थोरल्याने विचारलं.

“यजमानपदाचा अर्ज. बावीस पानं आहेत. पंधरा दिवसांत भरून द्या, मग मी पाहणीला येईन.”

“बाबा, आम्ही तुमची मुलं आहोत!”

“म्हणूनच. ओळखीपाळखीवर यजमानपद दिलं की काय होतं, ते मी वाचलंय.”

मुलांना आधी हसू आलं. आईच्या मागे बाबांनी काहीतरी चाळा शोधलाय, असं समजून तिघांनी अर्ज भरले. तिथेच चुकलं.

पाहणीचा पहिला मान थोरल्याला. निरीक्षक मोजपट्टी, सपाटी तपासायची पाणसळ आणि घड्याळ घेऊन गेले. पलंगापासून संडासापर्यंतचं अंतर त्यांनी तीनदा चालून पाहिलं, तिसऱ्यांदा घाई लागल्यासारखं. उंबरठा तिरका निघाला. थोरल्या सुनेने नवी चादर घातली होती, पडदे धुतले होते. ती बिचारी चहाचा कप घेऊन त्यांच्या मागे मागे फिरत होती.

“आता पान सतरा,” निरीक्षक म्हणाले. “खेळ संपल्यावर उभारलेल्या वास्तूचं काय करणार? शहरं इथेच आपटतात. मी गेल्यावर या खोलीचं काय?”

“शिलाई मशीन ठेवू,” सून म्हणाली. मग तिची जीभ तिच्याच दाताखाली आली.

निरीक्षकांनी लिहिलं, “नियोजन उत्तम. मात्र उत्तर फार चटकन आलं.” आणि अहवालाची एक प्रत तिच्या हातात ठेवली. नियमच होता तसा.

त्या संध्याकाळी थोरल्याच्या घरी काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्यांना शब्दन् शब्द कळला. सकाळी थोरल्याचा फोन आला. “बाबा, आम्ही अर्ज मागे घेतोय. ती म्हणते, माणूस येणार असेल तर येऊ दे, परीक्षक नको.”

“लेखी कळव,” निरीक्षक म्हणाले. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. एवढं मोठं शहर पहिल्याच फेरीत बाहेर पडेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

मुलीकडे वेगळीच तऱ्हा. जावई हौशी माणूस. सासऱ्यांना सोहळ्यांची आवड, म्हणून त्याने स्वागत समारंभ ठेवला. दारात फुगे, शेजाऱ्यांची रांग, नातीचं भाषण, आणि जावयाने स्वतः रचलेलं बारा कडव्यांचं स्वागतगीत. निरीक्षक उन्हात उभे होते. आठव्या कडव्याला त्यांनी घड्याळ पाहिलं. दहाव्याला खिशातून लाल पेन काढलं.

“कसं वाटलं, बाबा?” घाम पुसत जावयाने विचारलं.

“पाहुण्याला उभं ठेवलंत, ही पहिली चूक. शेजाऱ्यांचं संचलन विस्कळीत. भाषण करणारी मुलगी चुणचुणीत आहे, तेवढ्यावरच सोहळा संपवायला हवा होता. गाणं...” त्यांनी शब्द शोधला. “गाणं ज्याने लिहिलं, त्याला पुन्हा बोलावू नका.”

जावयाच्या हातात फुगा होता. तो फुटला नाही, पण सगळ्यांना फुटल्यासारखा वाटला.

चार दिवसांनी मुलगी फोनवर रडत होती. “बाबा, घरात मतदान झालं.”

“मतदान? कशाला?”

“तुम्हीच लिहिलंय ना, पान नऊ! ‘स्थानिक जनतेचा पाठिंबा आहे का? मतदान घेऊन कळवावे.’ सासूबाईंनी ते पान मोठ्याने वाचलं. तीन विरुद्ध एक.”

निरीक्षकांनी आकडा टिपून घेतला. “एक तर एक. तुझं मत महत्त्वाचं आहे, बाळ.”

पलीकडे हुंदका वाढला.

“ते एक छोटीचं होतं, बाबा,” मुलगी म्हणाली.

आता उरला धाकटा. त्याने अर्जावर एकाच ओळीत लिहिलं होतं, “या, मी खाली झोपेन.” बाकीची पानं कोरी. पाहणी वगैरे होऊ न देता तो एका सकाळी टेम्पो घेऊनच आला.

“चला बाबा. पलंग मी आणि ड्रायव्हर उतरवतो, तुम्ही फक्त औषधं घ्या.”

निरीक्षक खुर्चीत ताठ बसले होते. त्यांना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं, हे मी पैजेवर सांगतो. चष्मा, गोळ्या आणि बायकोचा फोटो त्यांनी आधीच पिशवीत भरला होता. पण समोर अर्ज होता आणि अर्जावर नियम होते.

“जाता येणार नाही,” ते म्हणाले. “कलम चौदा. एकच अर्ज उरला तर ती स्पर्धा होत नाही. प्रक्रिया रद्द.”

“कोणी लिहिलं कलम चौदा?”

“मी.”

“मग खोडा!”

“निकाल सोयीचा नाही म्हणून मधेच नियम बदलायचा? चौतीस वर्षांत एका वाण्याला मी तसं करू दिलं नाही.”

“बाबा, खाली टेम्पो उभा आहे हो...”

“त्याला सांग, प्रक्रिया रद्द झाली.”

धाकटा अर्धा तास दारात उभा राहिला. मग टेम्पो आला तसा रिकामा गेला. निरीक्षकांनी पिशवीतून फोटो काढून परत भिंतीवर लावला. तो तिरका लागला, पण त्यांनी पाणसळ लावून पाहिली नाही.

मुदतीला तीन आठवडे उरले तेव्हा ते वृद्धाश्रमात गेले. संचालिका म्हणजे पूर्वीच्या रुग्णालयातल्या मेट्रन. निरीक्षकांनी मोजपट्टी बाहेर काढली.

“ती आत ठेवा,” बाई म्हणाल्या. “पलंग एक आहे, अर्ज अकरा. तुम्हाला का घ्यावं, ते सांगा.”

निरीक्षकांना असा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता.

“घोरता?”

“बायको म्हणायची, थोडंसं.”

“म्हणजे भरपूर. टीव्हीवर काय बघता?”

“उद्घाटन सोहळे. जुने. चार-चार तासांचे.”

बाईंनी काहीतरी लिहिलं. ते वाचायला निरीक्षकांनी मान लांब केली, तेव्हा त्यांनी वही उभी धरली.

“भेटायला कोण येईल?”

निरीक्षकांनी खूप विचार केला. “नात,” ते म्हणाले. “तिचं मत मिळालेलं आहे.”

आठवड्याने पत्र आलं. निरीक्षक दुसऱ्या क्रमांकावर होते. घर रिकामं करायला नऊ दिवस राहिले, तरी त्यांनी कोणाला फोन केला नाही. चौथ्या दिवशी दुसरं पत्र आलं. मुलं सामानाची बांधाबांध करायला जमली होती. बाबांना कुठे न्यायचं, हे कोणीच तोंडातून काढत नव्हतं. निरीक्षकांनी उभं राहून पत्र वाचलं.

“‘प्रथम क्रमांकाचे उमेदवार जागा ताब्यात घेण्यापूर्वीच निवर्तल्यामुळे आपली निवड करण्यात येत आहे.’”

मग थोरल्या सुनेने किंकाळी फोडली आणि नणंदेच्या गळ्यात पडली. थोरल्याने जावयाला उचललं, चक्क उचललं, आणि दोन खोक्यांच्या मधून गरकन फिरवलं. मुलगी रडत रडत हसत होती. धाकटा तेवढा भिंतीला टेकून उभा होता.

निरीक्षक हे सगळं नीट बघत होते. निकालाच्या दिवशीचं असं दृश्य त्यांनी पडद्यावर कितीदा पाहिलं होतं.

“जिंकलेलं शहर असंच नाचतं,” ते म्हणाले. “पण यजमानपद वृद्धाश्रमाला मिळालंय. मग तुम्ही का नाचताय?”

थोरल्याने जावयाला खाली ठेवलं. शेवटी धाकटाच बोलला.

“ही शहरं हरली ना बाबा, म्हणून.”

उत्तर बरोबर होतं. निरीक्षकांनी मान हलवली आणि कपाट आवरायला घेतलं.