टेम्पोचे गुडघे

आमच्या बडोद्यातल्या निजामपुऱ्याच्या सोसायटीत टेम्पो येऊन उभा राहिला की विनायकराव त्याच्यापुढे उकिडवे बसतात आणि त्याचे गुडघे शोधतात. टेम्पोला गुडघे नसतात हे मलासुद्धा कळतं, आणि मी चौथी शिकलेली. विनायकराव इंजिनिअर. बाजव्याकडच्या एका कारखान्यात सगळी नोकरी झाली.

टेम्पो उलगडून त्याचा तीन मजली माणूस करता येईल का, असा त्यांचा प्रश्न. चालणारा. घडी घातली की पुन्हा टेम्पो.

"करायचाय कशाला?" मी विचारलं.

"करायचा नाही, वहिनी. होईल का, एवढंच बघायचंय."

निवृत्त झाल्यापासून एवढंच बघतायत. टेम्पोवाला जिग्नेश कातावतो, "काका, मारो टेम्पो टेम्पोज रेवा दो ने!" म्हणजे, माझा टेम्पो टेम्पोच राहू द्या की. हे उलट त्यालाच विचारतात, "पण तू बसणार कुठे? तो उभा राहिला की तुझी सीट त्याच्या पोटात जाते."

'वजन कुठे जाणार?' हे त्यांचं पालुपद. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं म्हणे, आणि पाय पेलणार चौपटच. हे मला पटलं. तळहातावरचा मोदक ऐटीत बसतो. तोच घागरीएवढा केला तर आपल्याच भाराने फतकल मारेल. तसं बोलून गेले, तर हे सोसायटीभर 'वहिनींचा मोदक' सांगत फिरले. लोक माझ्याकडे मोदक मागायला आले.

त्यांची बायको सुमन अस्सल बडोद्याची. आम्ही इकडचे लोक गुजरातीच्या नादाने 'थांबा'ला 'उभे राहा' म्हणतो. विनायकराव नाशिकचे, त्यांच्या डोक्यात ते अजून शिरलेलं नाही. सुमनने गॅलरीतून "अहो, उभे राहा!" म्हटलं की टेम्पोपुढे बसलेले हे ताडकन उठतात आणि चालू लागतात.

दिवाळीनंतर सुमन न्हाणीघरात पडली. हाड जुळलं, पण भीती बसली. पलंगावरून उठेचना. मला वाटलं, आता तरी यांचं खूळ सुटेल. कुठलं! टेम्पो सोडून माझ्या मागे लागले. मी संध्याकाळी बाकावर बसलेली असते.

"वहिनी, उठा. आता बसा. परत उठा."

"मी काय सर्कशीतली हत्तीण आहे?"

"उठण्याआधी तुम्ही नाक गुडघ्यांच्या पुढे नेता, माहीत आहे?"

"माझं नाक मी कुठेही नेईन."

"तेच तर! वजन आधी पुढे, मग वर. यंत्रमानव नेमका इथेच अडतो."

"घरात बायको आडवी, आणि तुम्हाला यंत्रमानव उभा करायचाय?" मी तोंडावर बोलले. ते निघून गेले. तरी दुसऱ्या दिवशी हजर. "वहिनी, हात न टेकता उठून दाखवता?" मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

परवा सुमनसाठी कढी घेऊन गेले. दार उघडंच होतं. सुमन पलंगाच्या कडेला बसलेली, हात विनायकरावांच्या खांद्यांवर. हे तिच्यापुढे उकिडवे, टेम्पोपुढे बसतात तसेच, तिच्या कमरेला धरून.

"नाक पुढे आण. अजून. शेजारच्या वहिनी आणतात तसं."

"पडेन हो. माझं वजन कुठे जाणार?"

"माझ्यावर."

तिने नाक पुढे आणलं आणि घाबरली. "अहो, उभे राहा, उभे राहा!"

हे ताडकन उठले. त्यांचे खांदे धरलेली सुमनही त्यांच्याबरोबर वर आली. दोघं समोरासमोर उभी, आणि दोघांनाही काय झालं ते कळेना.

"मी थांबा म्हणत होते," सुमन म्हणाली.

मग विनायकरावांनी मला पाहिलं. शाळेत चोरून खाताना सापडावं तसा चेहरा झाला. "वहिनी, ते आपलं... यंत्रमानवाचं..."

"पुरे," मी म्हटलं. सुमनला बसू दिलं, कढी टेबलावर ठेवली, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि बसले. हात मांडीवर घेतले.

"बघ गं," म्हटलं, आणि उठले. सावकाश, दोघांना दिसेल असं.