आफ्रिका–पनवेल, व्हाया अरबस्तान

भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, पाणी फार वापरता का. आमच्या घरमालकांनी, म्हणजे म्हात्रेनानांनी, यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी आम्हा दोघांना चष्म्याच्या वरून न्याहाळलं आणि म्हणाले, "कुठून आलाव?"

"कराडहून," सुहास म्हणाला. सुहास म्हणजे माझा नवरा.

"त्याच्या आधी?"

"आधीही कराडच. म्हणजे मूळचे आम्ही कोरेगावकडचे."

"त्याच्या आधी?"

सुहासला वाटलं, पोलीस व्हेरिफिकेशनची नवी पद्धत निघाली असेल. त्याने आजोबा सांगितले, पणजोबा सांगितले, कुठल्याशा लढाईत घोडा गमावून चालत घरी आलेले एक खापरपणजोबाही सांगितले. नाना बडीशेप चघळत ऐकत होते आणि दर पिढीला "त्याच्या आधी?" म्हणत होते. शेवटी सुहासचे पूर्वज संपले. तेव्हा नाना प्रसन्न होऊन म्हणाले, "मग सरल सांगा ना, आफ्रिकेतनं आलाव म्हनून. मधले थांबे कशाला सांगताव?"

आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.

नानांची सगळी नोकरी पनवेलच्या एस.टी. स्टँडवर गेली. वाहतूक नियंत्रक होते ते. खिडकीमागे बसून माइकमधून कोकणात जाणारी कुठे लागली आणि घाटावर जाणारी किती लेट आहे, हे सांगण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांना माणसाच्या स्थलांतराचा नाद लागला. वाचनालयातली पुस्तकं झाली, मोबाईलवरची व्याख्यानं झाली. विषय नवा मिळाला, पण बोलणं खिडकीमागचंच राहिलं.

"पहिली गाडी आफ्रिकेतनं सुटली," ते मला जिन्यात गाठून सांगायचे. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असत, पण पूर्वजांना घाई नसते. "पन्नास-साठ हजार वर्सं तरी झाली असतील म्याडम. अरबस्तानावरनं समुद्राच्या कडंकडंनं आली. मासं खात, कालवं फोडत. म्हंजे आपल्यासारखीच चांगली मानसं. मग दुसरी गाडी इराणच्या बाजूनं लागली. दोन्हीकडचे पॅसेंजर एकत्र झाले आन सिंधूच्या काठाला शहरं बांधली. गटारांसकट! आपल्याकडं अजून नायत तशी. तिसरी गाडी पार वरच्या गवताल मैदानातनं आली, घोडं घेऊन. सगल्यांत उशिरा आली, आन आल्या आल्या खिडकीची जागा मागायला लागली."

"आणि मग?"

"मग काय? झाली गर्दी. एकमेकांच्या मांडीवर बसून आलेत सगले, आन आता उतरल्यावर बोलतात, आमी तुमाला वलखत नाय."

मला स्वतःला पूर्वजांचं फारसं प्रेम नाही. जिवंत नातेवाईकच पुरून उरलेत. पण सुहासला आपल्या घराण्याचा भारी अभिमान. त्यांच्या घराण्याचा जाडजूड छापील कुलवृत्तांत आहे, तो त्याने एका रविवारी नानांना मोठ्या हौसेने दाखवायला नेला. नानांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, पहिलं पान बोटाने चाचपलं आणि परत देत म्हणाले, "पुस्तक बरं हाय. पन सुरवातीची पानं फाटल्यात वाटतं." सुहास दोन दिवस नानांशी बोलला नाही. मी मात्र त्या दिवशी नानांना शिरा नेऊन दिला.

आमच्या गल्लीतल्या काही उत्साही मंडळींनी एकदा पाटी लावली, 'बाहेरच्यांनी येथे गाड्या लावू नयेत.' गल्ली कशी, तर निम्मे लोक नानांसारखे आसपासच्या गावांतून उठून आलेले आणि निम्मे आमच्यासारखे भाडेकरू. नाना पाटीसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी प्रत्येक घराची बेल वाजवली आणि अतिशय नम्रपणे सांगितलं, "पाटी एकदम बरोबर हाय. चला, काढा गाड्या." पाटी लावणाऱ्यांच्या घरी तर ते दोनदा गेले. संध्याकाळपर्यंत पाटी उतरली. आता तिच्या मागच्या बाजूवर नानांची मुलगी प्रणाली मिरच्या वाळत घालते.

या प्रणालीचं लग्न ठरता ठरता मोडणार होतं, तेही पूर्वजांपायीच. चिरनेरच्या बाजूचं स्थळ आलं होतं. मुलगा छान, दोघांची पसंती आधीच झालेली, फक्त वडीलधाऱ्यांनी चहा प्यायचा होता. मुलाचे वडील ऐसपैस बसून म्हणाले, "आमी मूलचे इथलेच. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं होती आमची."

"मीठ इथलं," नाना म्हणाले. "तुमी नाय."

प्रणालीने ट्रे तसाच धरून डोळे मिटले. मी पाहुण्यांना पोहे वाढायला म्हणून हजर होते, मला वाटलं, आता पोहे आपल्यालाच संपवावे लागणार. पण ते व्याही भले निघाले. खो खो हसले आणि म्हणाले, "मंग आमी कंच्या गाडीनं आलाव, तेवढं सांगा." नाना खुर्ची पुढे ओढून सांगायला लागले. जेवणाची वेळ झाली तरी गाडी इराणच्या पुढे सरकली नव्हती. लग्न ठरलं.

हा नाद नानांना पहिल्यापासून नव्हता, हे मला प्रणालीनेच सांगितलं. त्यांचं गाव विमानतळासाठी उठलं. घरं गेली, देऊळ नव्या जागी आलं, गावामागची टेकडी सपाट झाली. नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, त्यावर हे दुमजली गुलाबी घर उभं राहिलं आणि नानांनी पहिलं पुस्तक आणलं. सगळी माणसंच कुठून ना कुठून उठून आलेली आहेत असं एकदा ठरलं, की आपलं एक गाव गेल्याचं काय मोठंसं, असं स्वतःला पटवता येत असावं. मला तरी तसं वाटतं. नानांना विचारायची हिंमत मी केली नाही, त्यांनी मला थेट आफ्रिकेत नेऊन सोडलं असतं.

प्रणालीची आई, वत्सलाबाई, त्या जुन्या घरातच वारल्या. गाव उठायच्या आदल्या वर्षी. नवं घर त्यांनी पाहिलंच नाही.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा नानांची थोरली बहीण, आक्का, उरणहून मुक्कामाला आली आणि घरात युद्ध पेटलं. आगरी लग्नात हळदीला धवलारीण बसते. ती धवले गाते, आणि त्या गाण्यांतून आधी गावोगावचे देव आणि मग घरातली गेलेली माणसं नाव घेऊन लग्नाला बोलावते. पण नानांच्या घराण्यात त्याआधी आणखी एक रीत होती. हळदीच्या दिवशी घरच्या कर्त्या माणसाने गावच्या वेशीवर जायचं आणि गेलेल्यांना तोंडाने आमंत्रण द्यायचं. हळद आहे, चला. धवलारीण नंतर कितीही गाऊ दे, घरच्याने बोलावल्याशिवाय कोणी येत नाही, असं आक्काचं म्हणणं.

"अरं, तू वेशीवर जा," आक्का म्हणाली.

"कंच्या वेशीवर? वेस कुठं हाय आता? तिथं विमानतलाची भिंत घातलीय."

"भिंतीशी जा. पन जा. वत्सला कशी येल? तिला ह्यो घर म्हाईत नाय."

नानांना एवढं निमित्त पुरे होतं. "बोलवायचं तर सगल्यांनाच बोलवू या ना आक्का! आफ्रिकेपासनं सुरवात करू. इराणवाले येतील, घोडंवाले येतील. मांडव पुरंल काय? केटरर पलून जाईल." मांडववाले हसले, मी हसले, सुहाससुद्धा हसला. आक्का हसली नाही.

"तुजं लोक येवोत नायतर न येवोत," ती म्हणाली. "पोरीच्या हलदीला पोरीची आय पायजे. ती बोललेली, मी या घरातनं हालनार नाय, आन नाय हालली. तिला सांगायला नको काय, का आता घर इथं नाय?"

"साठ हजार वर्सं मानूस नकाशाशिवाय चाललाय," नाना म्हणाले, "आन तिला चार किलोमीटर येता येनार नाय?"

प्रणाली भिंतीला टेकून उभी होती. ती कुणाशी भांडली नाही, फक्त म्हणाली, "बाबा, तुम्ही नका जाऊ. पण मग धवलारणीला आईचं नाव घेऊ देऊ नका. नाव घेतलं आणि ती आली नाही, तर मला ते सहन नाही होणार." इंजिनिअर झालेली मुलगी. बाराही महिने बापाच्या बाजूने बोलणारी. नाना उठून गच्चीवर गेले.

हळदीच्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "म्याडम, स्कूटर काढताव काय? आंब्याचं टालं आनायचंत."

आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, सकाळीच येऊन पडल्या होत्या, मीच त्या पाण्यात घातल्या होत्या. पण मी स्कूटर काढली. बाजाराचं वळण आलं तर नाना मागून म्हणाले, "सरल घ्या." पुढच्या वळणालाही सरळच. मोठा रस्ता संपून कच्चा लागला आणि शेवटी ती उंच भिंत आली. वर काटेरी तारा, पलीकडे कुठेतरी डंपरचे आवाज. गेटवर एक तरुण सिक्युरिटीवाला खुर्चीत बसला होता, तो उठून म्हणाला, "अंकल, आगे जाना मना है."

"कहां के हो?" नानांनी विचारलं.

"बिहार. छपरा."

मी थांबले. पण नानांनी पुढचं काही विचारलं नाही. "अच्छा" म्हणाले आणि भिंतीच्या कडेने थोडं पुढे चालत गेले. तेव्हा मला कळलं की आज प्रकरण वेगळं आहे.

एका ठिकाणी थांबून त्यांनी चपला काढल्या. टोपी नीट केली. आजूबाजूला बघितलं, मी दिसले, पण जा म्हणाले नाहीत. मग भिंतीकडे तोंड करून, माइकवर आयुष्य घालवलेला तो माणूस इतक्या हळू बोलायला लागला की मला पुढे सरकावं लागलं.

"आयकतंस ना गो? परनालीची हलद हाय आज. पोरगा चांगला हाय, तुला आवडंल. आपलं घर आता इथं नाय. ह्या भिंतीच्या कडंनं ये. पुढं पूल लागंल, त्याच्यावरनं नको, गाड्या लई असतात, खालनं ये. मग खांदा कॉलनीचा रस्ता सोडून डाव्या हाताला. शालेच्या मागं तिसरी गल्ली. गुलाबी घर हाय. रंग परनालीनं निवडलाय, माझ्यावर रागावू नको." ते थांबले. एक हात भिंतीवर टेकला आणि म्हणाले, "तुला न विचारता आलो आमी. काय करनार? पन तू ये."

मला रडू आलं, आणि मी ते लपवायचा प्रयत्न केला नाही. घराजवळ आल्यावर नाना म्हणाले, "टालं मिलालं नाय, असं सांगा."

संध्याकाळी हळद लागली. मांडवात डीजे, घरात देव्हाऱ्यासमोर धवलारीण, आणि दोघांमध्ये कोण कुणाला दाबतं याची चुरस. मग आक्काने जाऊन डीजे बंद करवला. धवलारणीने देव बोलावले, आजे-पणजे बोलावले, आणि श्वास घेऊन आक्काकडे पाहिलं. आक्काने नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली. धवलारणीने वत्सलाबाईंचं नाव घेतलं, तशी पाटावर बसलेली प्रणाली एकदम मान वर करून बापाकडे बघायला लागली. पिवळ्याधमक चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं.

नाना तिच्याकडे बघत नव्हते. ते पुढच्या दारात उभे होते आणि उंबऱ्यावर गर्दी केलेल्या बायकांना बाजूला सारत होते. "वाट सोडा. जरा वाट सोडा." दार त्यांनी सताड उघडून धरलं होतं. पावसाळा नुकताच सरलेला, बाहेरच्या दिव्यांवर किडे घोंगावत होते. गाणं संपलं, पुढचं सुरू झालं, तरी नाना दार धरूनच उभे. शेवटी सुहास म्हणाला, "नाना, लावू का दार? डास येताहेत आत."

"ऱ्हाऊ दे," नाना रस्त्याकडे बघत म्हणाले. "तिचं गुडघं दुखतात. वेल लागंल तिला."

मग कोणीच दार लावलं नाही. डास मात्र पुष्कळ आले.