आखरीचा माल

एखादी वस्तू बाजारातून कायमची जाणार असं कळलं की आमचे शेजारी बोंदरेकाका ती आणायला निघायचे. बाकीचे लोक दुकानात जाऊन नवीन काय आलं ते विचारतात. हा माणूस सीताबर्डीवर जाऊन विचारणार, "काय बंद होऊन राहिलं गा सध्या?" दुकानदारांचे चेहरे खुलायचे. धूळ खात पडलेला माल ते काकांपुढे ठेवत आणि काका तो छातीशी धरून घरी आणत.

त्यांच्या घरात एक स्टोव्ह होता, त्याचा बर्नर साऱ्या विदर्भात मिळत नव्हता. एक रेडिओ होता, त्याला लागणारे सेल निघायचे बंद झाले म्हणून तो टेबलक्लॉथ पांघरून शोभेला बसला होता. कोणी हसलं तर काका रागवत नसत, समजावून सांगत. "आखरीचा माल आहे बाप्पा. कारागिराले माहीत असते, आता याले पुन्हा आपला हात लागणार नाही. मग तो मन लावून करते."

दुसरं वेड मोजण्याचं. काका सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. रिटायर झाले त्या दिवशी खात्याची टेप परत केली आणि तेव्हापासून खिशात सुतळी बाळगू लागले. आमच्या लेआउटातलं, म्हणजे वसाहतीतलं, एकही फाटक त्या सुतळीतून सुटलं नाही. एकदा माझ्या बायकोनं पापड वाळत घातले होते, तर काका ती बाज मोजताना सापडले. "बाज वाकडी आहे वं सूनबाई," एवढं सांगून निघून गेले. बाज खरंच वाकडी होती.

तर या काकांनी मोटार घ्यायचं ठरवलं. नवी कोरी, पण दोन दारांची ती लहान गाडी, जी कंपनी बंद करणार असं पेपरात छापून आलं होतं. त्या काळात मोटारीसाठी नंबर लावून लोक म्हातारे होत. पण ही गाडी जाणार म्हटल्यावर भल्याभल्यांनी आपले नंबर काढून घेतले आणि काकांचा नंबर आपोआप वर आला. रिटायरमेंटचा सगळा पैसा त्यात जाणार होता.

मी भडकलो. स्टोव्ह ठीक आहे हो, पण मोटार? त्यात काकूंनी मला फाटकाशी बोलावून घेतलं. "तू समजव गा वसंता त्यायले. तुयं ऐकतात ते. मले काय करायची मोटार? मी कुठं जाते?"

हे मात्र खरं होतं. काकूंचे गुडघे पार गेले होते. तीन वर्षांपूर्वी धंतोलीच्या डॉक्टरकडून परतताना त्यांना सायकलरिक्षात चढता येईना, तेव्हा दोन अनोळखी माणसांनी बगलेत हात घालून त्यांना वर बसवलं. भर रस्त्यात, चार लोक बघत असताना. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, आता या फाटकाबाहेर मी पाऊल टाकणार नाही. आणि टाकलं नाही. रामटेक त्यांचं माहेर, पण भाचीच्या लग्नालासुद्धा गेल्या नाहीत. दिवसभर व्हरांड्यातल्या लाकडी खुर्चीत बसून असत.

त्या खुर्चीच्या पायांना काकांनी खालून ठोकळे मारले होते. खुर्ची ठेंगणी झाली की काकूंना उठवत नसे आणि उंच झाली की त्यांचे पाय लोंबत. महिनाभर ठोकळे कमीजास्त केले, तेव्हा कुठे काकू कोणाचा हात न धरता उठू लागल्या.

शोरूममध्ये मी काकांबरोबर गेलो तो भांडायच्या तयारीनं. तिथला मालकच माझ्या बाजूचा निघाला. "साहब, छह महीने रुक जाइए," तो म्हणाला. "नया मॉडल आ रहा है. इसका तो पुर्जा भी नहीं मिलेगा." कोपऱ्यात त्याच्याकडची शेवटची गाडी उभी होती. रंग हळदीसारखा पिवळाधमक.

"ऐका काका," मी म्हणालो. "विकणाराच नको म्हणून राहिला."

काकांनी गाडीचं दार उघडलं. दोनच दारं असल्यामुळे ते चांगलं लांबरुंद होतं. मग खिशातून सुतळी काढली. तिला एक गाठ मारलेली होती. सुतळीचं टोक त्यांनी फरशीला टेकवलं आणि ती वर ताणून धरली. गाठ बरोबर सीटच्या काठाला आली.

"सारं नागपूर मोजून आलो गा," काका म्हणाले. "स्टेशनावरच्या टॅक्स्या मोजल्या, जीपा मोजल्या. कोणती चार बोटं खाली, कोणती वीतभर वर. हेच एक बरोबर आहे."

"कशाच्या बरोबर?"

"तुया काकूच्या खुर्चीच्या," ते म्हणाले, आणि सुतळी बोटाभोवती गुंडाळू लागले. "पण तिले सांगू नको. तिच्यासाठी घेतली म्हटलं तं ती बसणार नाही. आखरीचा माल होता म्हणून घेतली, सांगजो."

मला माझीच लाज वाटली. मी मालकाला म्हटलं, कागद काढा.

गाडी दाराशी आली तेव्हा सगळा लेआउट गोळा झाला. काकांनी डावीकडचं दार पूर्ण उघडलं आणि हात पाठीशी बांधून दूर उभे राहिले. काकू खुर्चीतून उठल्या, काठी टेकत फाटकापर्यंत आल्या आणि थांबल्या. "अहो, हात द्या ना त्यांना," कोणीतरी म्हणालं.

"कोणी हात नाही लावायचा," काका म्हणाले.

काकू फाटकाबाहेर आल्या. गाडीकडे पाठ करून त्या अलगद सीटवर टेकल्या. मग एक पाय आत घेतला, मग दुसरा. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि समोर बघत बसल्या.

काका लगबगीनं गाडीच्या मागे गेले आणि चाकाशी उकिडवे बसले. "हवा कमी वाटून राहिली," असं काहीतरी पुटपुटले.

मी खिडकीशी गेलो आणि शिकवल्याप्रमाणे बोललो. "काकू, आखरीचा माल आहे म्हणून घेतली काकांनी."

"हो ना," काकू हळूच म्हणाल्या. "मी खुर्चीत डोळे मिटून बसली होती, तं यायनं खाली बसून सुतळी लावली. माझ्यापुढंच गाठ मारली. मी झोपली नव्हती गा. म्हणून तं तुले पाठवलं होतं, का माझ्यापायी सारा पैसा घालू नका. पण मले माहीत आहे, हे त्यायले सांगू नको."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला. चाकं नवी होती, हवा भरपूर होती. मी काकांकडे जायला निघालो, तेव्हा काकूंनी खिडकीतून माझी बाही धरली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पाहू दे त्यायले चाक. रामटेक काही पळून नाही जाऊन राहिलं."