दादाच्या तेरवीचा पाट

तो पाट बटनाखाली ठेवला कोणी? मी सगळ्यांना विचारलं. वहिनी वरण ढवळत राहिली, पाहुणे बुंदीकडे बघत राहिले. आजवर मला उत्तर मिळालेलं नाही.

आमचा शेषरावदादा खामगावात जिनिंगमध्ये कारकून होता. भाड्याच्या घरात वीज होती. दिवेलागणीला यायची, पहाटे जायची, दिवसा तारा नुसत्या लोंबायच्या. पण आली की बल्बात कमी आणि बटनाच्या पितळी टोपीत जास्त. हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. म्हणून दादाने नियम केला होता : लाकडी पाटावर उभं राहूनच बटन दाबायचं. (वीज लाकडाला का घाबरते, ते मला माहीत नाही. मी दुसरीतून शाळा सोडली.) घरमालक भगवंतरावांना त्याने सात वेळा सांगितलं. ते उंबऱ्यातूनच बघायचे आणि म्हणायचे, "घर नवं, वीज नवी. थोडी अंगात असनारच." आठव्यांदा तो थेट नागपूरच्या सरकारला लिहिणार होता.

त्याआधीच विषमज्वराने दादा गेला. मी आमच्या गावाहून, धाडहून आलो तर दादाच्या चार वर्षांच्या लेकीचा, मंजीचा हात टाचा उंचावून टोपीच्या बोटभर खाली पोचत होता. दादाचं एवढं काम मी पुरं करणार, हे मी तिथेच ठरवलं. विचार करायला मला वेळ लागत नाही (मी तो करतच नाही).

तेरवीला घरमालक येणार, पंगतीआधी वहाणा काढून पाय धुणार. ओल्या पायांनी त्यांनी एकदा बटन दाबलं की पुढचं सांगणं वीजच सांगेल. पाट मी गुपचूप माजघरात नेऊन ठेवला. धाडच्या बैलगाड्यांना उशीर झाला, पंगत दिवेलागणीवर गेली, तेव्हा तर दादाच मदत करतोय असं मला वाटलं. मी हात जोडले.

"भगवंतराव, दादाच्या फोटोवरचा दिवा तुमच्याच हातानं लागू द्या."

मान मिळाल्यावर ते लगेच उठले. बटनाजवळ गेले. आणि खाली पाट. ते पाटावर चढले, बटन दाबलं, दिवा लागला.

"पाह्य बे कडूबा. झालं का मले काही?"

पन्नास पाहुण्यांनी माना हलवल्या. माझं डोकं फिरलं. मी पाट लाथेने सरकवला आणि ओल्या पायांनी टोपीच धरली. त्यानंतरचं जे आठवतं ते बुंदीच्या परातीतून. (मी आत बसलो होतो.)

करंट लागला, करंट लागला, असं मी सांगत होतो. भगवंतरावांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"भावाच्या दुःखानं चक्कर आली पोराले."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी विजेने नाही, दुःखाने पडलो, असं पन्नास जणांच्या साक्षीने ठरलं. त्यात थोडं खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी विळ्याने तारच कापली. तीच तार आमच्या भिंतीतून पुढे भगवंतरावांच्या बैठकीत जाते, हे मला कोण सांगणार? दिवेलागणीला त्यांचे व्याही अंधारात चहा शोधत होते. दादाने सात वेळा सांगून जो वायरमन आला नाही, तो अर्ध्या तासात आला. तार जोडली आणि आमचं बटन बघून त्याने कपाळाला हात लावला. हे इतके दिवस कोणी सांगितलं नाही का, असं त्याने विचारलं.

"नाही ना," भगवंतराव म्हणाले.

नवं काळं बटन बसलं. तरी वहिनी पाट हलवू देईना. "राहू द्या भाऊजी," एवढंच म्हणायची. तिची भीती ठेवून मला जायचं नव्हतं. म्हणून धाडला निघायच्या दिवशी, दुपारच्या मोटारीआधी, मी तिला आणि मंजीला समोर बसवलं. पाट उचलला, पाय ओले केले आणि नवं बटन एकवीस वेळा दाबून दाखवलं. काहीही झालं नाही. मी छाती काढून उभा राहिलो.

मंजी वर बघत म्हणाली, "काका, दिवा काऊन नाही लागला?"

वहिनीने दारातल्या उन्हाकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या पायांकडे, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसली.

कोपऱ्यावर मोटारीने भोंगा दिला. मी वळकटी खाली ठेवली, शेजारी बादली घेतली, आणि दिवेलागणीपर्यंत पायांवर पाणी ओतत बसलो.