कारण स्वतःच्या शब्दांत

सोमवारी सकाळी शाळेची बस सहा मिनिटं उशिरा पोहोचली. तिच्यातून तेवीस विद्यार्थी उतरले आणि शिस्तबाई उतरल्या. घटना एवढीच.

शिस्तबाई म्हणजे शाळेची शिस्त सांभाळणाऱ्या बाई. त्या सगळ्यांच्या आधी उतरल्या, झपाझप फाटकापाशी गेल्या आणि टेबल मांडून बसल्या. 'वेळपालन व शैक्षणिक प्रामाणिकता' या मोहिमेचा तो पहिला दिवस होता. उशिरा येणाऱ्याने नमुना क्रमांक सात भरायचा, त्यात उशिराचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहायचं, किमान पन्नास शब्द. कारण पटलं नाही तर लाल शेरा. तीन लाल शेरे झाले की विद्यार्थ्याला कुठल्याही स्पर्धेत भाग नाही.

रांगेत नववीतली मुंगी होती. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव. शनिवारी दहा वाजता शाळाशाळांची रिले होती आणि शेवटचा टप्पा मुंगी धावणार होती. पोरगी वाऱ्याशी पैज लावेल अशी, पण बसमध्ये कितीही घाईने बसलं तरी बस काही घाई करत नाही.

मुंगीने लिहिलं, बस उशिरा आली. पन्नास शब्द भरेनात म्हणून बसचा रंगसुद्धा लिहिला.

शिस्तबाईंनी तेवीस कागद शेजारी शेजारी मांडले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. तेवीस जणांचं कारण एकच. रंगही एकच.

"ही सामूहिक कॉपी आहे," त्या म्हणाल्या.

"पण बाई, बस एकच होती," मुंगी म्हणाली.

"कॉपी करणारेही असंच म्हणतात. प्रश्न एकच होता, म्हणून उत्तर एकच आलं."

तेवीस लाल शेरे पडले. या सगळ्यात पहिला तास बुडाला. वर्गात उशिरा आल्याबद्दल नमुना क्रमांक आठ भरावा लागला. त्यात 'नमुना सात भरत होतो' असं तेवीसही जणांनी लिहिलं आणि पुन्हा कॉपीत सापडले. मधल्या सुट्टीपर्यंत मुंगीच्या नावावर दोन शेरे जमा झाले होते.

घरी आईने ऐकून घेतलं आणि माणसाने खरं तेच बोलावं असा निर्वाळा देऊन ती कपड्यांच्या घड्या घालू लागली. ताई कॉलेजात होती, चार पावसाळे जास्त पाहिलेली.

"वेडे, खरं हे सगळ्यांचं सारखंच असतं," ती म्हणाली. "वेगळं काही हवं असेल तर खोटंच बोलावं लागतं."

मंगळवारी बस आठ मिनिटं उशिरा आली. बाकीची मंडळी तयारीनिशी उतरली. एकाच्या बुटात मांजर व्यायली होती. एकीच्या आजीने बाहेरून कुलूप लावून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली होती आणि पर्स घरातच राहिली होती. एकाला गजराच्या घड्याळाची दया आली होती. प्रत्येक कागदावर शिस्तबाई कौतुकाने 'स्वतंत्र विचार' असा शिक्का मारत होत्या.

मुंगीने पेन उचललं आणि शेवटचं विचारून घेतलं, की खरं लिहिलं तर चालेल का.

शिस्तबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्याकडे वाकून मायेने म्हणाल्या, "बाळा, बस उशिरा आली हे मला माहीत आहे. तुझ्या पुढच्याच सीटवर मी होते. पण ते कारण काल वापरून झालंय."

मुंगीला शनिवार दिसत होता. तिने लिहिलं, की रस्ता ओलांडणारं एक म्हातारं कासव तिने पाहिलं आणि अवघं जग घाईत असताना ती एकटी त्याच्यासाठी थांबली. चांगले एकशे चाळीस शब्द झाले. वाचता वाचता शिस्तबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दुपारपर्यंत तो कागद सूचनाफलकावर लागला, वर मथळा, 'प्रामाणिक लेखनाचा आदर्श नमुना'. शनिवारी रिलेच्या आधी, नऊ वाजता, पालकांसमोर मुंगीने सत्य या विषयावर दोन शब्द बोलायचे असंही ठरलं.

आता मात्र मुंगीने खरं सांगून टाकायचं ठरवलं. चार दिवस ती आरशासमोर एकच वाक्य पाठ करत होती. कासव नव्हतंच.

शनिवारी नऊ वाजता मैदानावर मुंगी होती, शिस्तबाई होत्या आणि दोनशे रिकाम्या खुर्च्या होत्या. खुर्च्या भरायला पावणेदहा वाजले. येणारा प्रत्येक जण जरासा वाकून 'ट्रॅफिक' एवढंच पुटपुटत होता. दोनशे जण, शब्द एकच, आणि शिस्तबाई हसून सगळ्यांना पुढे बसवत होत्या. प्रमुख पाहुण्यांनी तर तोच शब्द माईकवर म्हटला आणि टाळ्या घेतल्या.

मग मुंगी उठली. खरं सांगितलं की तिसरा शेरा पडणार, आणि पायातले धावायचे बूट तिथेच काढावे लागणार. तिने समोरच्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि घसा साफ केला.

"कासव फार थकलेलं होतं," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बरोबर दहा वाजता मुंगी रिलेच्या रेषेवर उभी होती, आणि ती अशी पळाली की बाकीच्यांना तिची पाठच दिसली.

तिसऱ्या रांगेत रुमालाने डोळे पुसत होतात, ते तुम्हीच. सगळ्यांत शेवटी आला होतात. का उशीर झाला, ते कुणी विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नाही. तुमचं कारण आम्हाला तोंडपाठ आहे.